फोटोपुरतं बसा, बाई

मी व्हीलचेअर बोलतेय. उठू नका, माझ्यासाठी जागा करायची गरज नाही. मी जाते तिथे बसायची जागा मीच असते.

नाव इंग्रजी असलं तरी माझा जन्म अस्सल नाशिकचा. अंबडच्या कारखान्यांच्या गर्दीत एक पत्र्याची शेड आहे. तिथे माझ्या नळ्या वाकवल्या, त्यांना चकाकी चढवली, निळं रेक्झिन ताणून बसवलं. मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन चिमुकली. डाव्या ब्रेकचा नट आवळता आवळता कारागिराची जेवणाची सुट्टी झाली, आणि तो ब्रेक कायमचा जरा ढिला राहिला.

आम्ही एकावन्न बहिणी. एकावन्नच का? तर दिनेशभाऊंचा एकावन्नावा वाढदिवस होता. वॉर्डात किती माणसांना चालता येत नाही हे कुणी मोजलं नव्हतं, पण भाऊंचं वय सगळ्या कार्यकर्त्यांना पाठ होतं.

दिनेशभाऊ म्हणजे इंदिरानगरचे भावी नगरसेवक. ‘भावी’ हे पद महापालिकेच्या कुठल्या नियमात नसेल, पण चौकाचौकातल्या फ्लेक्सवर आहे. भाऊ त्या पदावर तेरा वर्षं होते. शेडमधून निघण्याआधी आम्हा प्रत्येकीच्या पाठीवर त्यांचा हात जोडलेला फोटो चिकटवला गेला. बसणाऱ्याची पाठ माझ्याकडे, भाऊंचं तोंड जगाकडे.

आता एकावन्न खुर्च्यांना एकावन्न माणसं हवीत. भाऊंचे उजवे हात यादव. ते वही घेऊन गल्लोगल्ली फिरले. कुणाची आजी लंगडते, कुणाचे काका न्हाणीघरात घसरलेत, असं करत नावं गोळा झाली. त्यातलंच एक नाव मालनबाईंचं.

मालनबाई महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांचा आवाज असा की चौथीच्या वर्गात पाढे घेतले, तर शेजारची तिसरीही आपोआप म्हणू लागायची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा राकेश आणि सून अंजली दोघं नोकरीला. घर छोटं, नीटनेटकं. बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, आणि बाईंना निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ.

बाईंचं आधी अक्षर आक्रसलं. ज्या हाताने फळ्यावर टपोरी अक्षरं काढली, त्या हातचं ‘मालन’ मुंगीएवढं होऊ लागलं. मग उजवा हात स्वस्थ बसलेला असतानाच थरथरू लागला. मग आवाज बसला. डॉक्टरांनी तपासून पार्किन्सन सांगितला. म्हणाले, “बाई, हा आजार जाणार नाही. पण त्याच्यासोबत नीट राहता येतं. गोळीची वेळ चुकवू नका, रोज व्यायाम करा, आणि घरात एकट्या बसून राहू नका. असा आजार असलेली माणसं शोधा. एकमेकांची फार मदत होते.”

राकेशने मोबाईलवर शोधलं. जे सापडलं ते गाठायला बाईंना दोन रिक्षा बदलाव्या लागल्या असत्या. बाईंनी विचार केला, एवढ्या मोठ्या इंदिरानगरात मी काय एकटीच आहे? पाच-सहाजण तरी असतील. त्यांना जमायला जागा हवी. समाजमंदिराचा हॉल तर कायम बंदच असतो. त्यांनी भाऊंच्या नावाने अर्ज लिहायला घेतला: ‘पार्किन्सनच्या रुग्णांना व्यायामासाठी आठवड्यातून दोन सकाळी हॉल मिळावा.’ एवढ्या ओळीला तीन दिवस लागले, कारण अक्षर मोठं काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

अर्ज यादवांनी वाचला. ‘पार्किन्सन’वर ते थबकले आणि म्हणाले, “आजी, गाड्यांचा विषय आमच्याकडे नाही, पण ठेवून जा.” अर्ज पार्किंगच्या फाईलमध्ये गेला. महिनाभराने वाढदिवसाची यादी अपुरी पडली, तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं की तो आजार असतो.

“चालता येतं का त्यांना?” भाऊंनी विचारलं.

“येतं, पण हळू.”

“मग घ्या नाव.”

मागितलं होतं छप्पर, मंजूर झाली चाकं. हे सगळं मला पुढे घरात ऐकून ऐकून कळलं. दिवसभर एका जागी असलं की सगळ्या जगाचं कानावर पडतं.

समारंभ मैदानात झाला. मोठा मंडप, त्याहून मोठा फ्लेक्स. स्टेजला सात पायऱ्या होत्या. व्हीलचेअर घ्यायला येणाऱ्यांनी त्या कशा चढायच्या, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. बाई आपल्या पायांनी सातही पायऱ्या चढल्या, अंजलीचा हात धरून, एक-एक करत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टेजवर उभी होते, मला नवल वाटलं. जी बाई सात पायऱ्या चढून येते, तिला माझं काय काम?

भाऊ पुढे आले, खाली वाकले. “बाई, ओळखलंत? चौथी ब, शेवटचा बाक.”

बाईंनी ओळखलं होतं. त्या मनापासून हसल्याही. पण या आजारात चेहरा सांगकाम्यासारखा वागत नाही. हसू आतल्या आत राहतं. फोटोवाला ओरडला, “आजी, जरा हसा ना! भाऊंनी एवढं दिलंय!”

“मी हसतेच आहे,” बाई म्हणाल्या. ते कुणाला ऐकू गेलं नाही.

“बसा बाई.”

“मला चालता येतं, दिनेश.”

“फोटोपुरतं बसा, बाई.”

बसल्या. माझ्यावर बसलेलं ते पहिलं माणूस. हलकं, ताठ, काठावर टेकलेलं. वर्गातल्या खुर्चीत परीक्षेच्या दिवशी बसावं तसं. मग निवेदकाने माईक पुढे केला. बाईंनी सांगितलं की मला खुर्ची नको, आठवड्यातून दोन दिवस हॉल हवा, आमच्यासारख्या लोकांना जमायला. अगदी मुद्देसूद, चार वाक्यं. माईकमधून फक्त श्वास ऐकू आला. निवेदकाने डोळे टिपले आणि म्हणाला, “बाईंचा कंठ दाटून आलाय! जोरदार टाळ्या!”

टाळ्या खरंच जोरदार होत्या.

घरी मला टीव्हीशेजारी ठेवलं. राकेशला हायसं वाटलं. वाईट मुलगा नाही तो, घाबरट आहे. “आई, आता पडायची भीती नाही,” म्हणाला. बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मला बसायला खुर्च्या आहेत घरात, चार. त्यांना चाकं नाहीत एवढंच.” आणि त्या माझ्यावर बसल्या नाहीत.

मग माझा उपयोग इतरांनी शोधला. माझ्यावर धुतलेले कपडे आले. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी मला नेऊन गॅसचा सिलेंडर आणला. दुसऱ्या मजल्यावरून पाण्याच्या बाटल्यांसाठी मागणी आली. एकदा लग्नाचा आहेर म्हणून मिक्सर माझ्यावरून गेला. इमारतीत मी अतिशय लोकप्रिय झाले.

बाईंना भेटायला माणसं येत. येताना फळं आणत आणि उपाय आणत. एक म्हणे कडूलिंब, दुसरा म्हणे तांब्याचं कडं, तिसऱ्याच्या मोबाईलवर एका बाबांचा व्हिडिओ होता, ज्यात हा आजार अकरा दिवसांत पळतो. शेजारच्या काकूंनी सुचवलं, “त्र्यंबकला जाऊन एखादी शांती करून टाका ना.”

“शांतीसाठी आमच्या घरात व्यवस्था आहे,” बाई म्हणाल्या आणि बुद्धाच्या मूर्तीकडे बोट केलं. बोट थरथरत होतं, त्यामुळे काकूंना वाटलं त्या टीव्ही लावायला सांगतायत. त्यांनी टीव्ही लावला.

सगळे बाईंशी मोठ्याने बोलत. त्यांना ऐकू उत्तम येत होतं. त्यांचाच आवाज दुसऱ्यांना ऐकू येत नव्हता. पण हा साधा हिशेब कुणाला जमला नाही.

मग एके सकाळी बाई न्हाणीघराच्या दारात अडल्या. पाय फरशीला चिकटले. या आजारात असं होतं. मन पुढे निघतं आणि पाय उंबऱ्यावर बसून राहतात. अंजलीला ऑफिसची घाई. मागून म्हणाली, “चला ना आई, लवकर.” बाईंनी स्वतःला ढकललं आणि त्या पडल्या.

हाड मोडलं नाही. कपाळाला चार टाके पडले. पण राकेशने त्या दिवशी अखेरचंच सांगून टाकलं. “बास. आता खुर्ची. मी ऑफिसात असताना तू उभीसुद्धा राहायचं नाहीस.”

“राकेश, ऐक...”

“आई, माझ्यासाठी.”

या दोन शब्दांपुढे कुठली आई उभी राहते? बाई बसल्या.

खरं सांगते, मला आनंद झाला. माझं जन्माचं काम होतं ते. मी त्यांना बैठकीतून गॅलरीत नेलं, गॅलरीतून स्वयंपाकघरात. दोन महिने मी एकदाही रिकामी नव्हते. घरही खूश. बाईंना गोळी मात्र कुणाच्या सवडीने मिळे. मालिकेच्या जाहिराती लागल्या की अंजलीला आठवण होई. आणि मला हळूहळू कळायला लागलं की बसलेलं माणूस जड होत चाललंय. वजनाने नव्हे. सुरुवातीला काठावर टेकणाऱ्या बाई आता माझ्यात रुतून बसत. पाठ वाकली. गुडघे लाकडासारखे झाले. दवाखान्यात नेलं तर काउंटरवरच्या मुलीने माझ्या मागे उभ्या राकेशला विचारलं, “यांचं नाव काय?” बाई समोर असताना. चौतीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईला तिचं नाव कुणी विचारेना.

मी त्यांना आराम देत होते आणि त्या आटत होत्या.

अशात एका दुपारी दारावर जयराम आप्पा आले. सटाण्याचे कांद्याचे व्यापारी, हल्ली मुलीकडे शेजारच्या गल्लीत राहायला. उंच, वाकलेले, डोक्यावर टोपी. माझ्या पाठीवरचा फोटो बघून म्हणाले, “तुम्हाला बी मिळाली का ही? मन्ही पोरीनी माझ्या खुर्चीवर मिरच्या वाळत घातल्यात.” मग बाईंच्या हाताकडे पाहिलं, स्वतःचा हात पुढे केला. दोन्ही हात एकाच तालात थरथरत होते.

“माले बी तेच शे,” आप्पा म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी उपाय न सांगता समोर बसलं होतं.

आप्पांनी आपली कहाणी सांगितली. आजार कळायच्या आधी ते कांद्याच्या लिलावात उभे राहायचे. हात हलला की समोरच्याला वाटायचं, आप्पांनी बोली वाढवली. “दोनदा नको तो माल गळ्यात पडला. बाजारात नाव झालं, जयराम आप्पाची छाती मोठी. कसली छाती बाई, हात होता!”

बाई हसल्या. चेहऱ्यावर फारसं उमटलं नाही, पण मला कळलं. मी हलले ना त्यांच्याबरोबर.

आप्पांकडे वेदिका नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. दुसऱ्या दिवशी आप्पा तिला घेऊनच आले. काटक, भराभर बोलणारी मुलगी. तिने आल्या आल्या बाईंच्या समोर गुडघ्यावर बसून विचारलं, “बाई, तुमचं नाव?”

“मालन.”

“मोठ्याने.”

“मालन!”

“अजून. शाळेत हाक मारायचात तशी.”

बाईंनी असा काही आवाज काढला की स्वयंपाकघरात अंजलीच्या हातून चमचा पडला. आवाज गेलेला नव्हताच. कुणी मागितला नव्हता.

वेदिका राकेशलाही बोलली, पण रागावून नाही. “दादा, पडायची भीती मलाही वाटते. पण बसवून ठेवलं तर चालणंच विसरेल शरीर. पडू नये म्हणून काय करायचं ते मी शिकवते. सोबत राहून चालवायचं. आणि गोळी घड्याळावर. मालिकेवर नाही.” तिने न्हाणीघराच्या वाटेवर फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, पावला-पावलावर एक. “पाय अडला की घाई करायची नाही. थांबा, पट्टी बघा आणि तिच्यावरून पाय टाका.”

“नवीन फरशी आहे हो,” अंजली कळवळली.

“रेघ आखल्याशिवाय चांगलं अक्षर येत नाही, अंजली,” बाई म्हणाल्या आणि पहिल्या पट्टीवरून पाय टाकला. मग दुसऱ्या. न्हाणीघराच्या दारात थांबल्या, रेघ पाहिली आणि उंबरा ओलांडून गेल्या. राकेश मागे हात पसरून उभा होता, झेल घ्यायला उभा राहावं तसा. झेल आला नाही. तो तसाच हात पसरून रडायला लागला. अंजलीने त्याच दिवशी मोबाईलवर गोळ्यांचे चार गजर लावले, आणि पट्ट्या गॅलरीपर्यंत तिनेच वाढवल्या.

मी पुन्हा रिकामी झाले. थोडं लागलं मनाला, खोटं का बोलू.

बाई आणि आप्पांनी मग माणसं शोधायला सुरुवात केली. औषधांच्या दुकानात, दळणाच्या गिरणीत, बुद्धविहारात बाईंनी मोठ्या अक्षरात कागद लावला. महिन्यात नऊजण जमले. हॉल मिळेना, म्हणून आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये. दोन स्कूटरींच्या मध्ये वेदिका उभी राहायची. हात मोठे फिरवायचे, पाय उंच उचलायचे, आणि आवाजासाठी बाई पाढे घ्यायच्या. सत्तावीस एके सत्तावीस! निवृत्त तलाठी, शिंपी, एक भजनी बुवा, सगळे घसा फोडून सत्तावीसचा पाढा म्हणायचे. सत्तावीस साते कुणालाच येत नव्हतं, पण सगळे मोठ्याने चुकायचे.

सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. “अहो, हे पार्किंग आहे.”

“आणि आम्ही पार्किन्सन,” बाई म्हणाल्या. “फार लांबचं नातं नाही.”

मीही खाली असायचे. बाई घरून येताना मला पुढे ढकलत, माझ्यावर सतरंजी, पाण्याचा हंडा आणि पेले. वेदिकानेच सांगितलं होतं, बैठकीवर वजन ठेवलं तर खुर्ची धरून चालायला बरी. ती बाजूने चालायची.

पाढ्यांचा आवाज कॉलनीभर गेला, तसा भाऊंच्या कानावरही गेला. निवडणुकीचं वारं सुटलं होतं. एका सकाळी भाऊ, यादव, फोटोवाला आणि गुंडाळलेला फ्लेक्स असे चौघे आले. फ्लेक्स उलगडला: ‘भाऊंच्या प्रेरणेने पार्किन्सन कट्टा’. यादवांनी स्पेलिंग या वेळी तिघांना विचारून घेतलं होतं.

“वा, वा!” भाऊ म्हणाले. “ज्यांना ज्यांना आपण खुर्च्या दिल्यात, त्यांनी त्यात बसून घ्या. फोटोपुरतं.”

कुणी हललं नाही. म्हणजे हलत सगळेच होते, पण बसलं कुणी नाही.

“दिनेश.”

हा आवाज मैदानातल्या माईकला मिळाला नव्हता. भाऊ बेचाळीस वर्षं मागे गेले. त्यांच्या हातांची आपोआप घडी झाली.

“ही खुर्ची रिकामी आहे. तू बस.”

“मी? बाई, मी कशाला...”

“फोटोपुरतं.”

भाऊ हसत हसत बसले. बाईंनी माझा उजवा ब्रेक स्वतः लावला, डावा आप्पांनी दाबून धरला. आणि मग एक गंमत झाली. कुणी ठरवली नव्हती, पण तिथला प्रत्येकजण ती रोज सोसत होता.

आप्पांनी भाऊंच्या डोक्यावरून यादवांना विचारलं, “यास्ले चहा चालस का?”

“चालतो की,” यादव बोलून गेले. “बिनसाखरेचा.”

“अरे मी सांगतो ना,” भाऊ म्हणाले.

“दमले असतील,” तलाठी म्हणाले आणि भाऊंच्या खांद्यावर थोपटलं.

“ऐकायला कमी येतं का यांना?” शिंप्याने मोठ्याने भाऊंच्या कानात विचारलं.

“मला ऐकू येतं!” भाऊ ओरडले.

“चिडचिड फार करतात बिचारे,” भजनी बुवा म्हणाले. “एक कडूलिंब चालू करा यांना.”

भाऊंनी उठायचा प्रयत्न केला. पाय ठेवायच्या पाट्या वर दुमडल्याशिवाय माझ्यातून उठता येत नाही, हे खुर्च्या वाटणाऱ्याला माहीत नव्हतं. ते पुन्हा माझ्यात बसले. चेहरा लाल. फोटोवाल्याने सवयीने फोटो काढला.

बाई वाकल्या, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. “दिनेश, त्या दिवशी स्टेजवर माझा कंठ दाटला नव्हता. मी हॉल मागत होते.”

“कुठला हॉल?”

“समाजमंदिराचा. अर्ज तुझ्या पार्किंगच्या फाईलमध्ये आहे.”

भाऊंनी यादवांकडे पाहिलं. यादवांनी स्कूटरीकडे पाहिलं.

“हॉल मोकळा नाही बाई,” यादव पुटपुटले. “सामान आहे.”

“चल, बघू या.”

वेदिकाने पाट्या दुमडून भाऊंना उठवलं आणि आम्ही सगळे निघालो. बाई मला धरून, बाकीचे आपापल्या गतीने. एरवी पाच मिनिटांची वाट, आम्हाला पंचवीस लागली, आणि भाऊंना त्या पंचवीस मिनिटांत आमच्याच चालीने चालावं लागलं. कुलूप उघडलं. आत प्लास्टिकच्या वेष्टनात माझ्या सतरा बहिणी. सतरा पाठींवरून सतरा भाऊ हात जोडून आमच्याकडे बघत होते.

“पेपरात एकावन्न वाटल्याचं आलं होतं ना?” बाईंनी विचारलं.

“स्टेजवर एकावन्नच झाल्या बाई,” यादव म्हणाले. “काही माणसं दोनदा चढवली. बाकीची आलीच नाहीत.”

“का नाही आली?”

यादवांचा आवाज पहिल्यांदाच बाईंच्या स्टेजवरच्या आवाजाएवढा बारीक झाला.

“त्यांना चालता येत नव्हतं.”

भाऊ स्वतःच्या सतरा चेहऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बाईंकडे न बघता म्हणाले, “यादी आहे का त्यांची, न आलेल्यांची?”

यादी जुनी होती. बाईंनी नवी केली. त्या, वेदिका आणि आप्पा घरोघरी गेले. ज्या घरांच्या दारातून माणूस बाहेर येऊ शकत नाही, ती घरं त्यांनी आत जाऊन पाहिली. खुर्ची देण्याआधी बाई त्या माणसालाच विचारायच्या, घरच्यांना नाही: “तुम्हाला काय हवंय?” एकाने रेडिओ मागितला, एकीने दाराला कठडा. आधी रेडिओ गेला, कठडा बसला, मगच खुर्चीची गोष्ट निघाली. सतरा खुर्च्या सतरा घरी गेल्या, हॉल मोकळा झाला आणि किल्ली बाईंकडे आली. फोटो वेदिकाने पाण्याने भिजवून खरवडून काढले. भाऊंनी चौकात फ्लेक्स लावलाच, ‘भाऊंच्या प्रयत्नांतून’. राकेश संतापला. बाई म्हणाल्या, “लावू दे. हॉलची किल्ली आपल्याकडे आहे.”

अठरावं घर पाथर्डी फाट्याकडच्या खोल्यांमधलं. यादीत नाव नव्हतं; सतराव्या घरात कुणीतरी सांगितलं म्हणून बाई गेल्या. मी त्यांच्या हाताखाली होते. खोलीत कुसाबाई पडून होत्या, आणि त्यांचे मालक सहादूबाबा उशाशी. दोघं पेठकडून लेकाकडे आलेली; लेक बांधकामावर जातो.

“काय होतंय यांना?” वेदिकाने विचारलं.

“म्हातारपण, दुसरं काय,” सहादूबाबा म्हणाले. “हात हालतो, पाय उचलत नाय. तीन वरसं झाली, उन्हात नाय आली ती.”

बाई कुसाबाईंच्या शेजारी टेकल्या. त्यांचा हात हातात घेतला. ते हातही एकाच तालात थरथरत होते. बाईंनी सांगितलं की याला म्हातारपण म्हणत नाहीत, याला नाव आहे, गोळ्या आहेत, उद्या आपण सरकारी दवाखान्यात जाऊ. मग विचारलं, “कुसाबाई, तुम्हाला काय हवंय?”

कुसाबाईंच्या ओठांतून वारा निघावा तसा शब्द निघाला. आम्हा कुणाला कळला नाही. आणखी कुणी असतं तर कंठ दाटला म्हणालं असतं. बाई म्हणाल्या, “थांबा, पुन्हा सांगा. मला वेळ आहे.”

“भायेर,” कुसाबाई म्हणाल्या. “भायेर जायचं.”

बाईंनी माझ्यावरची सतरंजी आणि हंडा खाली उतरवला. आपल्या पदराने रेक्झिन पुसलं. डावा ब्रेक ढिला आहे, दगड लावायचा, असं सहादूबाबांना समजावलं. वेदिकाने आणि बाबांनी मिळून कुसाबाईंना उचलून माझ्यावर बसवलं. चिमणीएवढं वजन. उंबरा ओलांडला आणि ऊन अंगावर आलं, तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, पण तोंड उन्हाकडेच ठेवलं.

बाई वेदिकाचा हात धरून निघाल्या. दहा-बारा पावलं गेल्यावर थांबल्या. वळणं त्यांना सगळ्यांत अवघड जातं. वळताना पाय एकमेकांत अडकतात. वेदिका म्हणाली, “राहू द्या बाई.” पण बाई वळल्या. छोट्या छोट्या सहा पावलांत, मनात मोजत, पूर्ण वळल्या. आणि चौथीच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मंगळवारी आठ वाजता हॉलवर, कुसाबाई! उशीर चालणार नाही!”

तेव्हापासून मी इथेच आहे. माझी चकाकी गेली. एका चिमुकल्या चाकाचं रबर सुटलंय, सहादूबाबांनी तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलाय. कुसाबाईंचा आजार गेलेला नाही. गोळीनंतरच्या दोन तासांत त्या स्वतः चहाचा पेला धरतात, पाढ्यातलं एखादं ‘सत्तावीस’ म्हणतात. आप्पांना आता काठी लागते. बाईंची पावलं हळू झालीत. उद्या त्यांनाही एखादी खुर्ची लागेल, लागूही शकते. तेव्हा ती त्या स्वतः मागतील, आणि त्यात काही हरणं नसेल. पण कुणी त्यांना फोटोपुरतं बसवू नये, एवढंच मला वाटतं.

तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. माझ्यावर कुणी बसलेलं दिसलं, तर त्याच्याशी बोला. माझ्या मागे जो उभा असतो त्याला उत्तर माहीत नसतं. आणि आवाज बारीक आला तर टाळ्या वाजवू नका, कान जवळ न्या.

चला, निघते. आठ वाजत आले, कुसाबाईंनी पदर नीट केलाय, आणि बाईंना उशीर चालत नाही.